हाताशी ठेवलेली भाकरी

लग्नकार्य असो, हरिनाम सप्ताह असो की जयंतीचा उत्सव असो, आमच्या कडा पंचक्रोशीत आता व्यासपीठामागे एल. ई. डी.चा पडदा उभा राहतोच. लोक पडद्याकडे पाहतात. पडद्याच्या बाजूला, जनरेटरच्या घरघरीत, लॅपटॉपपुढे जो पोरगा बसलेला असतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पाहू नयेच! त्याच्याकडे माना वळल्या की समजावे, पडद्यावर काहीतरी अडले आहे. गेले वर्षभर सुट्टीच्या दिवशी तो पोरगा मी असतो. द्वितीय वर्ष कलेची माझी फी आणि पुस्तके त्यातूनच निघतात.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आई आणि आबा दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. आबांनी एकदा विचारले, "तू नेमकं करतूस काय रं तिथं? पिच्चर तर मशीन दावतंय." प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझी मराठी थिटी पडली. ते उत्तर आज जरा सविस्तर लिहितो.

पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे सेकंदाला पंचवीस स्थिर चित्रे. एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांहून अधिक. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका सेकंदाचे पंधरा कोटींवर बाइट होतात. एवढा पसारा कुठे ठेवणार? म्हणून त्याची घडी घालतात. घडी घालण्याच्या आणि उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. मोबाइलमध्ये सर्रास आढळणारी रीत म्हणजे एच. २६४, तिचे प्रमाण २००३ साली ठरले. ही रीत मोठी काटकसरी. एक चित्र ती पूर्ण ठेवते आणि पुढच्या चित्रांत काय बदलले तेवढेच टिपून घेते. काही चित्रांचा हिशेब तर मागचे आणि पुढचे, अशी दोन्ही चित्रे पाहून मांडते. घरी बसून सुरुवातीपासून चित्रपट पाहणाऱ्याला यात काहीच अडचण नाही.

पण व्यासपीठावरचा निवेदक सुरुवातीपासून जात नसतो. "मघाचे दृश्य पुन्हा दाखवा," असे तो मध्येच म्हणतो. अशा वेळी संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून हिशेब करीत पुढे यावे लागते. हल्लीच्या यंत्रांत हा हिशेब करणारे खास विद्युतमंडलही असते; तरी मागच्या चित्रावरचे अवलंबन काही सुटत नाही. तेवढ्यात पडदा थबकतो, आणि माना वळतात!

यावर उपाय म्हणून आम्ही कार्यक्रमाच्या आधी फायली 'हॅप' नावाच्या कोडेकमध्ये करून घेतो. टॉम बटरवर्थ यांनी विडवॉक्स या कंपनीच्या पाठबळावर तो केला, तोही अशाच प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी. त्याची युक्ती आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आहे. चार ठिपके, चार ओळी असा चौकोन घ्यायचा. त्याच्यासाठी दोनच रंग लिहून ठेवायचे. त्यांच्या मधले दोन रंग ग्राफिक्स कार्ड स्वतःच काढते. मग प्रत्येक ठिपक्यापुढे या चारांपैकी कोणता रंग, एवढीच खूण करायची. अठ्ठेचाळीस बाइटांचा चौकोन आठ बाइटांत बसतो. ही घडी ग्राफिक्स कार्ड जशीच्या तशी उलगडते. प्रोसेसरला फारसे श्रम पडत नाहीत. शिवाय प्रत्येक चित्र आपापल्या जागी पूर्ण असते. फाईल मात्र कितीतरी पटींनी फुगते आणि ती भराभर वाचायला वेगवान डिस्क लागते.

गंमत अशी की ही नवी रीत जुन्याच वाटेने जाते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, तेव्हा त्या फितीवरचे प्रत्येक चित्र असेच स्वयंपूर्ण होते. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून तंबूत चित्रपट दाखविणारे फिरते सिनेमावालेही हीच फीत चालवीत. एका फुटात सोळा चित्रे. कुठूनही लावा, समोरचे चित्र पुरतेच! याच फिरत्या मंडळींवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखविला गेला.

आबांना मी शेवटी असे सांगितले : ऊसतोडीला निघताना आई बाजरीचे पोते ट्रॉलीच्या तळाशी ठेवते, पण वाटेतली भाकरी आणि चटणी मात्र वर, हाताशी बांधते. भाकरीला जागा जास्त लागते, ती टिकतही नाही. पण भूक लागल्यावर दळण काढून चालत नाही. आबा म्हणाले, "मंग बरूबर हाय."

गेल्या जानेवारीत शेजारच्या एका गावच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते. तिथली बरीच मुले ऊसतोड मजुरांची. आईबाप फडावर, मुले आजीपाशी. मीही असाच वाढलो. गुरुजींनी पालकांकडून मोबाइलवर निरोप मागविले होते. मूल बक्षीस घ्यायला आले की त्याच्या आईबापांचा निरोप पडद्यावर यायचा, असे ठरले. एकतीस निरोप आले. कोणी मोबाइल उभा धरलेला, कोणी आडवा. चित्रांचा वेग कुठे कमी, कुठे जास्त. दोन रात्री बसून मी ते सारे सेकंदाला पंचवीस चित्रांवर आणले आणि हॅपमध्ये केले. मूळचे सारे मिळून शंभर मेगाबाइटही नव्हते. ते दहा गिगाबाइटच्या वर गेले. धूसर होते ते मात्र धूसरच राहिले. पाठविताना जे गळून गेले, ते कुठलाही कोडेक परत आणीत नाही.

ऐन वेळी पाहुण्यांना घाई झाली आणि बक्षिसांचा क्रम बदलला. नाव पुकारले की मी निरोप लावीत होतो. पडदा एकदाही थबकला नाही. तिसरीतल्या एका मुलीच्या निरोपात तिचा तान्हा भाऊ पाचटावर बसून हसत होता. निरोप संपला, तरी ती हलेना. माइकपाशी जाऊन म्हणाली, "बाळ हसलंय, तेवढं परत दावा की." मी तेवढेच लावले. बाळ लगेच हसले. सारा मांडव गप्प होता आणि माझ्याकडे कोणीही पाहत नव्हते.

कार्यक्रम झाल्यावर हॅपच्या फायली मी पुसून टाकल्या. मूळचे निरोप तेवढे जपून ठेवले. पोते तळाशीच बरे! जागा वाचविणे हा एक गुण आहे आणि वेळेला हाताशी असणे हा दुसरा; एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. वेळेवर जे सहज घडते, त्याचे ओझे कोणीतरी आधीच उचललेले असते. महाविद्यालयाच्या बाकावर निवांत बसून मी हे लिहितो आहे, त्यामागेही फडातल्या कित्येक मोळ्या आहेत.