लातूरला न्या

औशातल्या नर्सिंग होमची रात्रीची बेल. बटण दाराशेजारी अजून आहे, वायर तुटलेली.

बाळंतपणाची खोली. तिथे आता रक्त-लघवी तपासतात. बाहेर पाटीवर 'प्रसूतिगृह' तसंच आहे. रंगवायला पैसे लागतात.

भूल देणारे डॉक्टर. लातूर वीसेक किलोमीटर, बोलावलं की यायचे. औशासारख्या तालुक्याच्या गावात खासगी नर्सिंग होमचं बाळंतपण पहिल्यांदा इथेच अडतं. केस येवो न येवो, सिस्टर, आया, ऑक्सिजन, बाळाचे डॉक्टर, सगळं रात्रभर तयार ठेवायचं. त्याचं बिल कुणाच्या नावे फाडणार? २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सीझरसुद्धा. २०१४ पासून १०८ची गाडी. बायाबापड्यांचं भलं झालं, हे आधी म्हटलं पाहिजे. खासगी खाटा मात्र रिकाम्या पडल्या, आणि रिकामी खाट हिशेबात तोटा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे याच तालुक्यातलं किल्लारी भूकंपात कोसळलं, तेव्हा माणसं रिकामी खाटच शोधत होती.

तोटा सोसून चालवा, असं डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगावं? बंद कसं करता, एवढं विचारता येईल. नर्सिंग होम उघडायला १९४९च्या कायद्याने नोंदणी लागते. बाळंतपण थांबवताना गावाला सांगायची रीत मात्र नाही. सातव्या महिन्यात नाव नोंदवलेली बाई नवव्यात कळा घेऊन दारात येते आणि ऐकते, "लातूरला न्या."

अशी ऐनवेळची पाठवणी कुठे पोचते? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं. बरेच जण खासगीतून अखेरच्या घटकेला आले, असं सांगितलं गेलं. एवढ्याने सरकार सुटत नाही. पण पाठवणाऱ्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयाचे पैसे जानेवारी २०२० मध्ये अडले, तेव्हा मोर्चा निघाला, हायकोर्टाने सरकारला झापलं. औशात एक खोली बंद झाली तर फक्त शेजारच्या किराणावाल्याला कळतं.

पोटुशींची वही. ती रद्दीत जाऊ नये. नोंदवलेल्या बाया मोकळ्या होईपर्यंत खोली चालवावी, तीन महिने आधी पाटी लावावी, उरलेली नावं आशाताईंकडे द्यावीत.

सिस्टरचा हिशेब. ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच बंधनकारक. छोट्या दवाखान्यात नेमकी आठ-नऊ असतात. तरी द्यावी.