भीमथडीच्या तट्टांच्या घरी

‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे गीत तुम्ही अनेकदा म्हटले असेल. 2023 मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. त्यात आपल्या जबलपूरची नर्मदा ‘रेवा’ या नावाने येते आणि भीमथडीच्या तट्टांचाही उल्लेख येतो. नर्मदा आपण रोज पाहतो. ही तट्टे कधी पाहिली आहेत का?

मदन महाल पाहायला गेलात, तर तिथे घोड्यांच्या तबेल्याची जागा दाखवतात. घोडे मात्र केव्हाच गेले. भीमथडीचा वंश टिकला, तो राजांच्या तबेल्यात नव्हे, धनगरांच्या वाड्यावर.

वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. मोकळ्या शेतात मेंढरांभोवती जाळीचे कुंपण, शेजारी चूल आणि पाय बांधून चरायला सोडलेल्या दोन-चार घोड्या, एवढाच तो संसार. दिवाळीला पुण्याकडे गेलात, तर बारामती, दौंड, फलटण या भागात रस्त्याकडेला असे वाडे दिसतील. दिवाळीनंतर ही कुटुंबे कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाआधी परततात. पुरुष मेंढरे घेऊन पुढे जातात. बायका धान्य, भांडी, अंथरुणे, नुकती जन्मलेली कोकरे घोड्यांवर लादून मागून निघतात. शिंगरू आईच्या मागे चालतच मोठे होते. कोणती घोडी शांत आणि कोणती घाटात पाय घट्ट रोवते, हे वहीत लिहिलेले नसते. घरातल्या सगळ्यांना ते तोंडपाठ असते.

अंगाने लहान, पण काटक अशा याच घोड्यांवर मराठ्यांच्या फौजा दौडल्या. 1818 मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि मागणीही गेली. 2023-24 मध्ये भीमथडीची राष्ट्रीय नोंद झाली. घोड्यांची ही देशातील आठवी नोंदणीकृत जात. पण कागदावर वंश वाढत नाही. चराऊ रान आटते आहे आणि काही वाड्यांचे बिऱ्हाड आता टेम्पोतून जाते. ओझे टेम्पोवर गेले, की घोडी सांभाळायची कशासाठी, हा प्रश्न त्या घरापुढे उभा राहतो.

म्हणून मुलांना घेऊन जरूर जा, पण पाहुण्यासारखे जा. लांबच थांबून ‘रामराम’ घाला. वाड्यावरची कुत्री अनोळखी माणसाला सोडत नाहीत. परवानगीशिवाय फोटो काढू नका, घोडीच्या मागे उभे राहू नका, शिंगराला हात लावू नका. मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगा: ‘मावशी, ही घोडी कुणाची लेक?’

उत्तर ऐकायला वेळ काढून बसा. घोडीची आई, आजी, कुठल्या घाटात कोण व्याली, हे सगळे निघेल. त्या वंशाची खरी वही तीच आहे.