आवंढा

थायरॉइड ग्रंथी जेमतेम 20 ग्रॅमची, पण रक्ताच्या बाबतीत मोठी खर्चिक. ग्रॅममागे मिनिटाला 4 ते 6 मिलिलिटर रक्त तिला लागतं. मेंदूचं त्याच हिशेबाने अर्ध्या मिलिलिटरवर भागतं. ग्रेव्ह्ज आजारात ग्रंथी जादा हार्मोन बनवत सुटते आणि हा ओघ एवढा वाढतो की गळ्याला स्टेथोस्कोप टेकवला तर कधी कधी सळसळ ऐकू येते. थायरॉयडायटिसमध्ये मात्र दुखावलेली ग्रंथी साठवलेलं हार्मोन नुसतं गळू देते आणि रक्तप्रवाह बहुधा कमीच असतो. रक्ताच्या रिपोर्टात टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन दोन्हीकडे वाढलेलं. हार्मोन बनणं रोखणाऱ्या गोळ्या पहिल्या आजारात लागू पडतात, दुसऱ्यात त्यांचा उपयोग नाही. म्हणून प्रवाह मोजायचा.

रोजच्या कामाला डॉप्लर सोनोग्राफी आहेच. पण ती वाहिन्यांतली धाव दाखवते. ग्रंथीच्या कणाकणात रक्त किती पोचलं, ते नाही. माझा जीव जडलाय तो एमआरआयच्या पद्धतीवर, कारण तिच्यात सुईसुद्धा टोचावी लागत नाही. रेडिओलहरींनी चुंबकत्व उलटं करायचं: एकदा फक्त ग्रंथीच्या छेदाचं, एकदा भोवतालच्या रक्तासकट सगळ्याचं. दोन्ही वेळा सेकंदभर थांबून प्रतिमा घ्यायची आणि एकीतून दुसरी वजा करायची. जे जागचं हललं नाही ते वजा होतं, उरतं ते मधल्या वेळात आत आलेलं रक्त. थायरॉइडवर हे जमतं, असं जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने 2007 साली दाखवलं. मागेच श्वासनलिकेतली हवा, आणि हवेशेजारी प्रतिमा वेडीवाकडी होते. हा वेडावाकडेपणा कमी होईल असा प्रतिमा घेण्याचा क्रम त्यांनी निवडला होता.

आवंढा गिळला की ग्रंथी स्वरयंत्राबरोबर वर सरकते. गळ्याची गाठ तपासताना डॉक्टर मुद्दाम गिळायला सांगतात ते त्यासाठीच. एमआरआयवर मोजणी करताना आम्हाला नेमकं तेच नको असतं, कारण हललेलं काही वजा होत नाही. पण ‘गिळू नका’ म्हटलं की तोंडात लाळ साठलीच. म्हणून मी ते म्हणतच नाही. मोजणीचे छोटे तुकडे करते आणि सांगते, ‘‘ताई, आवाज थांबला की निवांत आवंढा गिळा. तुमचं झाल्यावरच पुढचं सुरू करू.’’ खांदे सैल पडलेले काचेतून दिसतात.

नंतर वजाबाकीची प्रत्येक जोडी उघडून श्वासनलिकेची कड बघते. तिथे पांढरी-काळी रेघ उमटली असेल तर गळा हललाय, ती जोडी बाद. हे काम सॉफ्टवेअरवर सोडायला माझं मन धजत नाही. सरासरीत ती रेघ विरून जाते आणि आकडा बिघडलेलाच राहतो. आमच्याकडे ही तपासणी अजून अभ्यासापुरती आहे. आकड्याशेजारी किती जोड्या टिकल्या तेही लिहिते. निम्म्याहून कमी टिकल्या तर आकडा देतच नाही. पुन्हा बोलावते, आणि तुकडे आणखी छोटे करते.