दर तिमाहीची वाटणी

सुलतानपुरात सोयाबीनचे पैसे हाती आले की काही शेतकरी, शिक्षक माझ्याकडे इंडेक्स फंडाची चौकशी करतात. साधा निफ्टी घ्यावा की इक्वल वेट? "सगळ्या कंपन्यांना सारखा वाटा, तेच न्यायाचं नाही का?" हे हमखास विचारतात.

साध्या निफ्टीत बाजारात खुल्या असलेल्या शेअर्सची एकूण किंमत जितकी मोठी, तितका कंपनीचा हिस्सा मोठा. त्यामुळे पहिल्या दहा कंपन्यांतच निम्म्याहून अधिक पैसा असतो. इक्वल वेटमध्ये निफ्टीतल्या पन्नासही कंपन्यांना दोन-दोन टक्के. शेताची वाटणी एकदा झाली की झाली. इथे ती दर तिमाहीला नव्याने होते. वाढलेलं विकायचं, पडलेलं घ्यायचं.

मी कागदावर दोनच कंपन्या मांडतो. प्रत्येकीत ५० रुपये. पहिली वीस टक्के वाढली, दुसरी तितकीच पडली : ६० आणि ४०. इक्वल वेट दहा रुपये इकडून काढून तिकडे घालतो, पुन्हा ५०-५०. पुढेही पहिलीच वीस टक्के चढली आणि दुसरी तेवढीच घसरली, तर साध्या पद्धतीत १०४ रुपये होतात, इक्वल वेटमध्ये १००. उलट पहिली घसरून दुसरी सावरली, तर साध्यात ९६, इक्वल वेटमध्ये १००. एवढ्या आकड्यांत सगळा फरक आला. एक पद्धत चढत्याला चढू देते, दुसरी पडलेला उठेल यावर पैसे लावते.

आणि पडलेला दर वेळी उठत नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होता. मार्च २०२० मध्ये बँकेवर निर्बंध आले, भाव वीसच्या खाली गेला आणि बँक निफ्टीतून बाहेर पडली. त्या घसरणीत साध्या निफ्टीतला तिचा हिस्सा आपोआप आटत गेला. इक्वल वेटचा नियम मात्र तिला तिमाहीगणिक पुन्हा दोन टक्क्यांवर आणत राहिला. शिवाय प्रत्येक फेरवाटणीला खरेदी-विक्रीचा खर्च आहेच.

म्हणून मी सांगतो, समान वाटा म्हणजे तटस्थपणा नव्हे. बाजाराच्या मताविरुद्ध घेतलेली ती ठाम भूमिका आहे. मोजक्या बड्या कंपन्यांवर भिस्त नको असेल, तर ती घेण्यासारखीही आहे. पण २०१८-१९ मध्ये मोजक्याच शेअर्सनी निफ्टी ओढला, तेव्हा इक्वल वेट मागे राहिला होता. असा काळ पुन्हा येईल. तेव्हा जो फंड मोडणार नाही, त्यानेच इक्वल वेट घ्यावा. बाकीच्यांना साधा निफ्टी पुरे.