गवताचं रान

काष्टीच्या बाजाराहून परतताना पुढे बाभळीच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रॅक्टर होता. नुकत्याच तोडलेल्या ओल्या बाभळीचा तुरट वास नाकात शिरला आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली. आबांच्या, माझ्या वडिलांच्या, धोतराला हा वास असायचा.

थोरला भाऊ गेला आणि आबा बोलायचेच थांबले. दिवस कलला की पायताण घालून माळाकडे निघायचे. आई मला मागे धाडायची, "नुसता संगती राहा, काही इचारू नको." माळावरच्या एकट्या बाभळीखाली आबा बसायचे आणि धोतरात रुतलेली कुसळं एकेक करून काढायचे. चार पावलं चाललं की पुन्हा तेवढीच. पुन्हा बसणं.

जपानच्या वनखात्याने १९८२ साली जंगलात नुसतं वावरण्याला 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, असं नाव दिलं. त्यांची जंगलं उंच, ओली. आमचा श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेतला. आमचं रान म्हणजे हिवर, बोर, तरवड आणि गुडघाभर गवत. पण आबांना माणसात आणलं ते याच रानाने. मलाही लिहितं केलं ते यानेच. आबा गप्प, म्हणून मी शाळेच्या वहीत टिपायला लागलो: धाविक पळाली, खोकड थांबून बघून गेलं, चंडोल गात गात वर चढला. भावाबद्दल त्यात एक ओळ नाही. आज वाचतो तेव्हा पानन् पान त्याचंच वाटतं.

तालुक्यातच, भीमेकाठी, पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ साली संभाजीराजांना कैद करून औरंगजेबाच्या छावणीत आणलं ते इथे. आत आता काटेरी झुडपं माजलीत. एवढं पाहिलेली जमीनही दर पावसाळ्यात हिरवी होते. याने मला कधी धीर येतो, कधी संताप.

आबांची कुसळं मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत. कुसळाच्या शेपटीला पीळ असतो. दवाने ती भिजली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने बी मातीत घुसतं. एका संध्याकाळी बोटात धरलेल्या कुसळाकडे बघत आबा म्हणाले, "त्याला रुजायचंय. त्याचा काय दोष न्हाय." किती तरी दिवसांनी आलेला तो त्यांचा पहिला शब्द. त्या रात्री ते आईशी बोलले.

पुढे गावात कुकडी कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, घरं सावरली. त्याबद्दल तक्रार नाही. राग आहे तो उरलेल्या माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडियाची झाडं लावणाऱ्यांवर. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, त्यात श्रीगोंद्याचाही भाग होता. माळढोक, धाविक, चंडोल, सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे. त्यांना आपण लावलेल्या झाडांची सावली नको असते.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले. नोकरीत नवेगावबांधसारखी दाट अरण्यं त्यांनी पाहिली, त्यांवर लिहिलं. अखेरच्या वर्षांत परतले ते माळरानाच्या सोलापूरलाच, आणि जून २०२५ मध्ये तिथेच वारले. अरण्य जाणणाऱ्यालाही उघड्या मुलखाचं वावडं नव्हतं.

मन जड झालं तर लांबच्या जंगलाची वाट बघू नका, गावाच्या माळावर जाऊन बसा. आणि पावसाळ्यात तिथे कुणी कुदळ घेऊन आलं, तर त्याला बांधाची, रस्त्याकडेची जागा दाखवा. माळाला गवतच राहू द्या.