घडीची होडी

परदेशी निघालेल्या माणसाबरोबर आपल्याकडे दोन गोष्टी हटकून पाठवतात : लाडवांचा डबा आणि निरोप. गेल्या जूनमध्ये मी म्युनिकला धाकट्या भावाकडे निघालो, तेव्हा आईने डबा माझ्या पिशवीत घातला आणि निरोप कानात. "माधवला एवढंच विचार, कायमचा परत कधी येतोस?" डबा दुसऱ्या दिवशीच रिकामा झाला. निरोप मात्र आठ दिवस माझ्याजवळच राहिला.

माधवच्या घरी त्या वेळी वेगळाच वाद पेटला होता. नवराबायकोला कयाक घ्यायची होती. कयाक म्हणजे मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची निमुळती होडी. दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती हाकायची. आता तिकडे लोक हौसेने तिच्यातून सुटीचा दिवस घालवतात. माधवला हवी होती अखंड, कडक प्लॅस्टिकची. मेघनाला हवी होती घडीची.

"चौथ्या मजल्यावर राहायचं, मोटार नाही, आणि पाच मीटरची होडी ठेवणार कुठे? दादा, तुम्हीच सांगा," मेघना म्हणाली. जन्मभर ऱ्हस्व-दीर्घाखेरीज कशाचा निवाडा न केलेला मी एकदम न्यायाधीश झालो!

घडीची होडी हे त्याच गावाचे लेकरू, हे मला तिथे कळले. १९०५ मध्ये आल्फ्रेड हॉइरिख नावाच्या स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने अशी होडी बनवून म्युनिकजवळच्या इझार नदीत घातली. १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने तिचे हक्क घेतले. लाकडी सांगाड्यावर कापडाचे कातडे चढवायचे, हे काम शिंप्याच्या हाती जावे यात नवल ते काय? लोक पिशव्या घेऊन आगगाडीत बसू लागले आणि नदीकाठी उतरून होडी जुळवू लागले. हे खेळणे आहे असे मात्र समजू नका. १९३२ मध्ये ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण अशाच होडीने निघाला, तो आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून पुढे जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. १९५६ मध्ये डॉक्टर हानेस लिंडेमान यांनी घडीच्याच होडीतून अटलांटिक ओलांडला.

रविवारी आम्ही लोकलगाडीने श्टार्नबेर्गला गेलो. सुमारे वीस किलोमीटर लांबीचे ते सरोवर, दक्षिणेला आल्प्सची निळी रांग. याच पाण्यात १८८६ मध्ये बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग मृतावस्थेत सापडला होता. ती हकीकत माधवने मला जीवरक्षक जाकिटाचे पट्टे आवळता आवळता सांगितली!

घडीची होडी मेघनाच्या मैत्रिणीची होती. दोन माणसांची, तिसाहून अधिक किलो वजनाची, पण पिशव्यांत वाटलेली. जुळवायला अर्धा तास लागला. अखंड कयाक काठावरच भाड्याने घेतली. ती पाण्यात ढकलली की झाले. अखंड होडी बाणासारखी सरळ जाई. घडीची लाटेबरोबर किंचित लवे, पण बसायला ऐसपैस आणि मोठी स्थिर. शेजारी एक कुटुंब हवा भरायची कयाक घेऊन आले होते. ती वजनाला सर्वांत हलकी आणि दहा मिनिटांत तयार. पण दुपारी वारा सुटताच तिचे तोंड भलतीकडे वळू लागले आणि मंडळी काठाकाठाने परतली.

खरे सांगायचे तर मला अखंड होडीच आवडली. तरी निवाडा मी घडीच्या बाजूने दिला, आणि तो देताना माझ्या मनात जिना नव्हता, आई होती. अखंड होडीसाठी माधव सरोवराकाठी कायमची जागा भाड्याने घेणार होता. 'कायमची' हा शब्द मला टोचला.

माधव होडी उलटी करून पुसत होता. "लगेच घडी घालत नाहीत?" मी विचारले.

"ओली घडी घातली तर बुरशी धरते, दादा. घरी नेऊन पुन्हा पसरायची, नीट वाळू द्यायची, मग घडी."

तेव्हा मी माझा पक्षपात कबूल केला आणि आईचा निरोप सांगितला. तो बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "मीही त्या जागेचे पैसे तीन महिने भरायचे टाळतोय. यायचं आहे, पण कधी ते ठाऊक नाही. आईला खोटी तारीख सांगू नकोस."

त्यांनी घडीचीच होडी घेतली. तुम्हाला कधी घ्यायची झाली, तर काठावर घर असेल किंवा मोटार आणि जागा असेल, तर खुशाल अखंड घ्या; आगगाडीने जायचे आणि जिना चढायचा असेल, तर घडीची; आणि मुलांना शांत तळ्यात खेळवायचे असेल, तर हवेची पुरे.

घरी येऊन आईला सारे जसेच्या तसे सांगितले. तिने तारीख विचारली नाही. "पिशव्यांत मावते ना?" एवढेच म्हणाली. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तिने माझ्याकडून माळ्याचा एक कोपरा रिकामा करवून घेतला. तिथे अजून काही ठेवू देत नाही.