पारी आणि सारण

पाककृतीच्या मथळ्यात 'सोपे' हा शब्द दिसला की माझ्या मनात पहिली शंका येते ती ही, की हे सोपे कोणाला? करणाराला, खाणाराला, की नुसते लिहिणाराला? पुरणपोळीच्या कृतीवर कोणी 'सोपी' म्हणून शिक्का मारला, तर आपल्याकडची अनुभवी गृहिणी गालातल्या गालात हसेल आणि पान उलटील. परंतु अमेरिकेत एका पदार्थाच्या नावामागे हे विशेषण लागलेले मी इतक्या वेळा पाहिले आहे, की ते त्याच्या नावाचाच एक भाग असावे असे वाटू लागते. तो पदार्थ म्हणजे चिकन पॉट पाय.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोंबडीचे शिजवलेले तुकडे, गाजर, वाटाणे, कांदा, क्वचित बटाटा, हे सारे लोणी, मैदा आणि दूध यांच्या दाट पांढऱ्या रश्शात एकत्र करायचे; ते सारण खोलगट भांड्यात ओतायचे; वर मैद्याची लाटलेली पारी झाकणासारखी पसरून कडा दाबून घ्यायच्या आणि भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे. पाऊण तासाने बाहेर येते ते एक सोनेरी झाकण. आत काय दडले आहे ते झाकण मोडल्यावाचून कळत नाही. करंजीशी याचे नाते दूरचे असले तरी खरे आहे. फरक एवढाच, की करंजी एकेकाला वेगळी मिळते आणि हा पदार्थ साऱ्या कुटुंबाला एकाच भांड्यातून वाढावा लागतो.

त्याचा पूर्वेतिहास मात्र मुळीच सोपा नाही. मध्ययुगीन इंग्लंडात अशा पदार्थाच्या जाड, टणक पारीला 'कॉफिन' म्हणत. त्या काळी त्या शब्दाचा अर्थ नुसती पेटी. शवपेटीला तो पुढे चिकटला. पारी हेच तेव्हा भांडे होते आणि आतला जिन्नस राखणे हे तिचे मुख्य काम होते. ती खायची की नाही, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत आल्यावर पदार्थ मऊ झाला, पण करणारीचे कष्ट कमी झाले नाहीत. हार्टफर्ड येथे १७९६ साली अमेलिया सिमन्स हिचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक निघाले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेतच छापलेले ते पहिले पाकपुस्तक समजतात, आणि मुखपृष्ठावर या बाईने स्वतःची ओळख 'एक अमेरिकन अनाथ' अशी करून दिली आहे. तिच्या चिकन पायला कोंबड्या लागतात सहा, लोणी दीड पौंड, आणि पारी एक इंच जाडीची! कोंबड्या साफ करण्यापासून सांधे सोडवण्यापर्यंत सारे घरच्या बाईनेच करायचे. ओव्हन चांगला तापणारा नसेल तर कोंबडी आधी अर्धीकच्ची उकडून घ्यावी, असेही ती सुचवते. त्या एका सूचनेत मला त्या काळातली कितीतरी धुराने भरलेली स्वयंपाकघरे दिसतात.

पुढे सारा जोसेफा हेल या लेखिकेने 'नॉर्थवुड' या १८२७ सालच्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीचे जे वर्णन केले, त्यात चिकन पायला मानाचे स्थान आहे. त्यावाचून तो सण पुरा होत नाही, असाच तिचा अभिप्राय. हा सण राष्ट्रीय व्हावा म्हणून याच बाईने पुढे वर्षानुवर्षे लेखणी झिजवली आणि १८६३ साली लिंकनने तशी घोषणा केली. आज त्या सणाच्या ताटात टर्कीचे राज्य आहे आणि आपला पाय दुसऱ्या दिवशी, उरलेल्या मांसाची सोय लावण्यासाठी होतो. सणाचे पक्वान्न शिळ्याच्या सोयीला येऊन बसावे, ही पदार्थाची अवनती की त्याचा खरा संसार आता सुरू झाला? मला तरी दुसरे म्हणणे पटते.

तो सोपा झाला विसाव्या शतकात, आणि तोही पायरीपायरीने. पूर्वी तिकडे कोंबडी पाळत ती मुख्यतः अंड्यांसाठी. मग भांड्यात जाई ती अंडी देणे थांबलेली, निबर म्हातारी कोंबडी, आणि तिला तासन् तास शिजवावे लागे. डेलावेअर राज्यातल्या सेसील स्टील या शेतकरीणबाईने १९२३ साली पन्नास पिले मागवली असता चुकून पाचशे आली. ती तिने परत न पाठवता वाढवली आणि मांसासाठी विकली. नुसत्या मांसासाठी कोंबड्या वाढवण्याचा धंदा तेथून फोफावला असे मानतात. १९३१ साली मैदा आणि स्निग्धांश आधीच कालवलेले बिस्क्विकचे पुडे आले. १९३४ साली कॅम्पबेल कंपनीने अळंब्यांचे दाट सूप डब्यात भरले, आणि ते रश्शाच्या जागी ओतण्याची युक्ती घरोघरी पसरली. १९५१ साली स्वॉन्सन कंपनीने एकेका माणसापुरता गोठवलेला आयता पायच बाजारात आणला. सहा कोंबड्यांपासून एका पुठ्ठ्याच्या पेटीपर्यंतचा हा प्रवास दीडशे वर्षांचा. काम नाहीसे झाले नाही. ते स्वयंपाकघरातून उठून कारखान्यात जाऊन बसले. सोपे याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की अवघड भाग दुसऱ्या कोणी तरी उरकला आहे.

आम्ही राहतो त्या पेनसिल्वेनियात या पदार्थाचे आणखी एक भावंड आहे. तेथे जर्मन वंशाचे जुने शेतकरी आहेत, त्यांना 'डच' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांच्या पॉट पायला झाकणच नसते! कणकेच्या चौकोनी चकत्या कोंबडीच्या उकळत्या पाण्यात सोडतात, बरोबर बटाटा आणि वरून अजमोद्याची पाने. कोणी कोणी चिमूटभर केशरही घालतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा वरणाच्या जागी कोंबडीचा रस्सा घातलेल्या चकोल्याच समोर ठेवल्या आहेत असे वाटले. या दोन पदार्थांना एकाच नावाने का हाक मारतात, यावर तेथे वाद घालणारे लोक आहेत. मी त्यात पडत नाही.

झाकणाचा पॉट पाय माझ्या घरात आला तो मात्र वेगळ्याच प्रसंगाने. २००९ च्या फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. बाहेर गुडघाभर बर्फ होते. आपल्याकडे अशा घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठले-भात आणून देतात. पहिले दोन दिवस इकडच्या मराठी स्नेह्यांनी तो रिवाज जपला. नागपूरहून वन्सं येऊन पोहोचल्या. तिसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली, तो शेजारच्या वृद्ध अमेरिकन बाई उभ्या. हातात पत्र्याचे खोल भांडे, त्यावर चंदेरी कागद, कागदावर चिकटवलेली चिठ्ठी आणि भांड्याच्या बुडाला पट्टी लावून त्यावर त्यांचे आडनाव. त्यांनी माझा हात हातात घेतला, दोन शब्द बोलल्या आणि आत न येता निघून गेल्या. त्यांच्याकडेही दुःखाच्या घरी अन्न पोहोचवतात, आणि तेही भांडी घासायचा बोजा न वाढवणारे, एकाच भांड्यातले.

भांडे ओट्यावर ठेवले तशा वन्सं जवळ आल्या.

"काय आहे गं त्यात?"

"चिकन, वन्सं."

आमचे घर सामिष खाणारे. पण तेराव्याचे गोडाचे जेवण होईपर्यंत घरात मांस शिजत नाही, हे मला सांगण्याची गरज नव्हती आणि त्यांनाही नव्हती. वन्सं थोडा वेळ त्या चंदेरी कागदाकडे पाहत राहिल्या.

"तिला आपलं माहीत नाही ना?"

"नाही."

"मग सांगू नकोस. आणि टाकूही नकोस. दाराशी चालून आलेलं अन्न आहे."

मी चिठ्ठी वाचली. चारशे अंश फॅरनहाइट, पंचेचाळीस मिनिटे. खाली दुसरी ओळ होती: आज नको असल्यास कच्चाच गोठवून ठेवावा, आणि मग अर्धा तास अधिक भाजावा. आमच्या रिवाजाची त्या बाईंना काही कल्पना नव्हती. पण दुःखाच्या घरात आज भूक असेलच असे नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. काचेचे भांडे गोठणातून काढून एकदम तापल्या ओव्हनमध्ये ठेवले तर तडकते, म्हणून पत्र्याचे निवडलेले! तो पाय दहा दिवस आमच्या फ्रीजरमध्ये वाट पाहत राहिला. भाजी करायला, भात लावायला कोणी ना कोणी लागते. याला काहीच घाई नव्हती. सोपेपणाचा हा अर्थ मला कोणत्याही मथळ्यात भेटला नव्हता.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी तो भाजला. घरात बऱ्याच दिवसांनी लोण्याचा वास सुटला. मुले न बोलावता येऊन बसली. वन्संनी कडेचा तुकडा उचलला, बोटांनी मोडून नीट निरखला आणि विचारले, "साटा लावलाय का गं हिनं?"

प्रश्न मोठा नेमका होता. चिरोट्यासाठी आपण तूप आणि तांदळाची पिठी फेसून पोळीवर लावतो, गुंडाळी करतो, पुन्हा लाटतो, तेव्हा कुठे पदर सुटतात. येथे साटा दिसत नव्हता आणि पदर तर सुटले होते. उत्तर मिळवायला शेजारी जाणे भाग होते. भांडे रिकामे परत करू नये, म्हणून वन्संनी फ्रीजरमधलेच वाटाणे घेऊन मटारच्या करंज्या तळल्या आणि त्या भांड्यात रचल्या. बाईंनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि हा तर हातात मावणारा पायच की, असे म्हणून आम्हाला स्वयंपाकघरात नेले.

तिथे त्यांनी पहिल्यांदा सुपाचा डबा उघडला आणि तो आमच्यादेखत निःसंकोचपणे भांड्यात उपडा केला. कोंबडीही दुकानातून भाजून आणलेली. पण मैद्याला मात्र यंत्र लावू दिले नाही. सारणाच्या बाबतीत आपण आळशी आहोत, पारीच्या बाबतीत नाही, असे काहीसे त्या म्हणाल्या. ही विभागणी मला फार आवडली. सगळेच घरी करण्याचा हट्ट आणि सगळेच विकत आणण्याची सवय या दोहोंच्या मध्ये, कोणते एक काम आपल्या हाताखालून जाऊ द्यायचे नाही, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

त्यांची रीत अशी. अडीच वाट्या मैद्यात मीठ घालून पाव किलोला थोडे कमी, अगदी थंडगार लोणी चिरून टाकायचे आणि बोटांच्या टोकांनी चुरायचे; पण चुरा एकजीव करायचा नाही, वाटाण्याएवढे खडे राहू द्यायचे. आपण करंजीला कडकडीत मोहन घालतो, ते तूप पिठाच्या कणाकणाला माखते आणि पारी खुसखुशीत होते. येथे नेमके उलटे. लोण्याचे खडे लाटताना चपटे होऊन कणकेच्या थरांमध्ये अडकतात. ओव्हनमध्ये ते वितळतात, लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ थर एकमेकांपासून उचलते. साट्याचे काम न वितळलेले लोणी करते. म्हणूनच पाणी बर्फाचे, आणि तेही गोळा जेमतेम मिळून येईल एवढेच. गोळा दाबून, झाकून तासभर गारठ्यात ठेवायचा, मग लाटायला घ्यायचा. सारणही निवलेले हवे. उकळत्या सारणावर पारी पसरली, तर भाजण्याआधीच लोणी गळून जाते.

मी स्वतः सुपाचा डबा वापरीत नाही. त्याला तुच्छ लेखते म्हणून नव्हे. तो खारट लागतो म्हणून. पाव वाटीहून थोड्या अधिक लोण्यात कांदा परतावा, तेवढाच मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत हलवावा, मग पावणेदोन वाट्या कोंबडीचे पाणी, ज्याला आपल्याकडे अळणी म्हणतात ते, आणि अर्धी-पाऊण वाटी दूध हळूहळू ओतावे. गुठळी होऊ द्यायची नसेल तर हात थांबवू नये. पळीला लेप धरला की मीठ, मिरपूड, दोन-अडीच वाट्या कोंबडीचे तुकडे आणि दोन वाट्या भाज्या. यात अवघड काही नाही. दहा मिनिटांचे काम आहे आणि डबा उघडण्याहून फार वेळ लागतो असेही नाही. कोंबडी मात्र मीही भाजलेलीच आणते. त्या बाबतीत अमेलिया सिमन्सपुढे उभे राहण्याची माझी तयारी नाही. वरच्या पारीला मध्ये चार चिरा पाडायला विसरू नये, नाहीतर कोंडलेली वाफ कडेने वाट काढते आणि रस्सा ओव्हनच्या तळाशी जाऊन जळतो. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे कोणालाही हात लावू देऊ नये. रस्सा तेवढ्यात आळतो. हीच या पदार्थातली सर्वांत कठीण पायरी, आणि घरात मुले असतील तर जवळजवळ अशक्य.

वन्सं नागपुरास परत गेल्या त्या ही कृती लिहून घेऊनच. चातुर्मासात त्या कोंबडीऐवजी अळंबी आणि बटाटा घालतात. एका मे महिन्यात त्यांचा फोन आला. बाहेर पंचेचाळीस अंश सेल्सिअसचे ऊन, आणि लोणी कपाटातून काढून पिठाला लावीपर्यंत त्याचे तेल होते, अशी तक्रार. मी पहाटे लाटण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो ऐकला नाही. तुपाचा गोळा गोठवून तो किसणीने थेट मैद्यावर किसला, आणि सुरीने कालवला, हात लागूच दिला नाही.

"पदर सुटले का, वन्सं?" मी विचारले.

"चिरोट्याइतके नाही," त्या म्हणाल्या, "पण झाकण म्हणून चालतील."